जहाजावर नाव कुणाचे?

'नावात काय आहे?' हा प्रश्न नामांतराचा लढा लढलेल्या समाजाला कुणी विचारू नये. २७ जुलै १९७८ चा ठराव आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार, या दोन तारखांमध्ये एका नावासाठी आपली माणसे मारली गेली, वस्त्या जळाल्या. म्हणूनच देशाच्या युद्धनौकांवर कुणाची नावे येतात, हाही आपला प्रश्न आहे.

नौदलात जहाज मोडीत निघते, नाव मोडीत निघत नाही. जुनी 'विक्रांत' १९६१ साली दाखल झाली, १९९७ मध्ये निवृत्त झाली आणि शेवटी भंगारात गेली. २ सप्टेंबर २०२२ रोजी नवी 'विक्रांत' आली. 'खांदेरी' ही पाणबुडी ६ डिसेंबर १९६८ रोजी दाखल झाली, १९८९ मध्ये निवृत्त झाली. २०१९ मध्ये माझगाव डॉकच्या नव्या पाणबुडीला तेच नाव मिळाले. एकदा यादीत शिरलेले नाव पिढ्यान्‌पिढ्या चालते. जे शिरलेच नाही, त्याचे काय?

खांदेरीचेच बघा. १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडावर, इंग्रजांच्या नाकावर टिच्चून हे बेट बांधून काढायला शिवरायांनी मायनाक भंडारी यांना पाठवले. समुद्रात दौलतखान लढले. किल्ल्याचे नाव दोन पाणबुड्यांना मिळाले. किल्ला उभारणारा भंडारी आणि तो राखणारा मुसलमान मात्र काठावरच राहिले.

आम्ही मानकोलीत राहतो. ही खाडी या इतिहासाबाहेरची नाही. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली. भिवंडी, कल्याण आणि पनवेल इथे शिवाजी जहाजे बांधत असल्याची नोंद १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात आहे. आज या पट्ट्यात गोदामांची रांग आहे. त्या काळी इथे लाकूड कुणी तासले, वल्ही कुणी मारली? कोळी, भंडारी, मुसलमान दर्यावर्दी अशा कष्टकऱ्यांनीच. राजाचे नाव राहिले याचा आम्हाला अभिमान आहे. पण राजाने ज्यांच्यावर विश्वास टाकला, त्यांची नावे कुणी गाळली?

कुणी म्हणेल, युद्धनौकांना शहरांची, पर्वतांची, शस्त्रांची नावे देण्याचा प्रघात आहे, व्यक्तींची नाही. मग नौदलाच्या किनाऱ्यावरील तळांना आंग्रे, तानाजी, कुंजाली ही नावे कशी चालतात? तटरक्षक दलाच्या गस्ती नौकेवर सावित्रीबाई फुले हे नाव कसे आले? प्रघात माणसेच पाडतात आणि माणसेच बदलतात. लाय पाटील या कोळी वीराची हकीकत प्रसिद्ध आहे. दर्यात फिरणाऱ्याला पालखीचा काय उपयोग, असे म्हणून त्यांनी पालखीचा मान नाकारला, तेव्हा महाराजांनी त्यांना गलबत दिले आणि गलबताचेच नाव 'पालखी' ठेवले, असे सांगतात. कोळ्याचा मान जहाजाच्या नावात गुंफण्याची रीत आपल्याच मातीतली आहे.

अमेरिकेचे उदाहरण घ्या. डोरिस मिलर हा काळा नौसैनिक. तेव्हा काळ्यांना नौदलात मुख्यतः अधिकाऱ्यांच्या जेवणाखाण्याच्या चाकरीला ठेवत. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला, तेव्हा त्याने जखमींना हलवले आणि शिकवलेली नसतानाही विमानविरोधी मशीनगन चालवली. १९७३ मध्ये एका फ्रिगेटला 'मिलर' हे नाव मिळाले, तर २०२० मध्ये बांधायच्या विमानवाहू नौकेला 'डोरिस मिलर' हे नाव जाहीर झाले. हे आपोआप घडले नाही. त्यामागे काळ्या समाजाची चळवळ होती.

भीमा कोरेगावच्या स्तंभावर आपल्या शूरांची नावे कोरली होती, म्हणून १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्यांच्याकडे बोट दाखवू शकले. नाव कोरलेले नसेल तर पराक्रम सिद्ध करत बसावे लागते. म्हणून मायनाक भंडारी, दौलतखान, लाय पाटील यांची नावे युद्धनौकांना द्या, ही मागणी आपण केली पाहिजे. कोळी, भंडारी आणि मुस्लिम संघटनांना सोबत घेऊन प्रत्येक तालुक्यातून संरक्षण मंत्रालयाला निवेदने जाऊ द्या. बहुजनांची एकजूट भाषणातून होत नाही, एकमेकांच्या पूर्वजांची नावे घेतल्याने होते.

जय भीम!