लॅव्हनहॅम : दारिद्र्याने राखलेले गाव

इंग्लंडच्या सफोक परगण्यातील लॅव्हनहॅम हे गाव लंडनहून एका दिवसात पाहून परतता येते. ओकच्या लाकडी सांगाड्यांची, वयोमानाने एकमेकांकडे कललेली पंधराव्या-सोळाव्या शतकांतील घरे येथे गल्लोगल्ली उभी आहेत. ती टिकली कशी, हा प्रश्न आम्हांस पडला. त्याचे उत्तर गावाच्या इतिहासातच आहे.

येथील निळ्या लोकरी कापडास परदेशांतही मागणी होती. १५२४ च्या करआकारणीत हे लहानसे गाव इंग्लंडमधील पहिल्या वीस श्रीमंत नगरांत गणले गेले. चर्चचा १४१ फुटी मनोरा त्याच वैभवाची साक्ष देतो.

१५२५ साली आठव्या हेन्रीने फ्रान्सच्या स्वारीसाठी जादा वसुली काढली. कापडव्यापाऱ्यांनी काम देणे थांबविले आणि हजारो विणकर येथे जमले. ‘तुमचा नायक कोण?’ असे ड्यूक ऑफ नॉरफोकने विचारता, जॉन ग्रीन नामक विणकराने ‘दारिद्र्य’ या अर्थाचे उत्तर दिले, असे इतिहासकार नोंदवितात. अखेर वसुली रद्द झाली.

पुढे कोलचेस्टरच्या डच निर्वासितांचे हलके, स्वस्त कापड बाजारात आले आणि लॅव्हनहॅमचा व्यापार बसला. जुनी घरे पाडून नवी बांधण्यास पैसाच उरला नाही. १५३० च्या सुमाराची गिल्डहॉलची इमारत कालांतराने तुरुंग व निराश्रितांचे श्रमगृह बनली. १९५१ मध्ये ती नॅशनल ट्रस्टकडे आली.

विणकरांचा नायक असलेले दारिद्र्यच घरांचे राखणदार ठरले. त्या राखणीचे मोल मात्र श्रमगृहातील माणसांनी चुकते केले, हे आम्हां प्रवाशांनी विसरू नये.