पोलिश भाषेत बोलू लागलेला खेळ

१९८९ साली पोलंडमधील साम्यवादी राजवट कोसळली, तोपर्यंत तेथील शाळांत रशियन भाषा सक्तीची होती. ज्यांच्या घरी संगणक होता ती मुले मात्र खेळत होती इंग्रजी खेळ. वॉर्सातील ग्झिबोव्स्का रस्त्यावर एका शाळेच्या इमारतीत संगणक-बाजार भरे आणि नकला केलेले खेळ तेथे उघडपणे विकले जात. संगणक-प्रणालींना स्पष्ट संरक्षण देणारा प्रताधिकार कायदा आला तो थेट १९९४ मध्ये.

या खेळांबरोबर इंग्रजी शब्द आले आणि पोलिश व्याकरणाने ते बिनदिक्कत पचवले. या भाषेत नामाला सात विभक्ती आहेत; मुलांनी 'क्वेस्ट' या शब्दालाही त्यांचे प्रत्यय लावले. 'एक्स्पिरियन्स'पासून त्यांनी 'एक्स्पिच' असे क्रियापद घडवले. शुद्धतेच्या कैवाऱ्यांना ही भेसळ वाटणे साहजिक होते. पण खरी उणीव दुसरीकडेच होती. राजे, चेटकिणी, खानावळीचा मालक, यांपैकी कोणीच पोलिश बोलत नव्हते. कल्पनेचे एक अख्खे राज्य परक्या भाषेत वसलेले होते आणि शब्दकोश हाताशी घेऊनच तेथे शिरता येई.

ग्झिबोव्स्काच्या बाजारात खेळ विकणाऱ्या मार्चिन इविन्स्की आणि मिखाऊ किचिन्स्की या दोन तरुणांनी १९९४ मध्ये 'सीडी प्रोजेक्ट' ही कंपनी काढली. त्यांचा हेतू भाषासेवेचा नव्हता. स्वस्त नकलेपुढे अस्सल प्रत खपावी कशी, हा त्यांचा प्रश्न होता, आणि उत्तर सापडले ते मातृभाषेत. कॅनडातील बायोवेअरचा 'बाल्डर्स गेट' हा प्रचंड संवादांचा खेळ त्यांनी १९९९ मध्ये संपूर्ण पोलिशमध्ये आणला. निवेदनासाठी त्यांनी निवडले प्योत्र फ्रोंचेव्स्की यांना. १९८४च्या चित्रपटात जादूगार शिक्षक 'पान क्लेक्स' साकारणारा हा नट त्या पिढीने लहानपणापासून ऐकलेला होता. पाच सीडींच्या त्या खोक्यात नकाशा आणि नियमपुस्तिकाही होती, म्हणजे बाजारातील नकलेतून जे मिळणार नाही ते सारे. पहिल्याच दिवशी सुमारे १८,००० प्रती गेल्या. निघण्यापूर्वी सोबत्यांना एकत्र करा, ही त्या निवेदनातील सूचना तर पुढे खेळाबाहेरही म्हणीसारखी वापरली जाऊ लागली.

त्याच वर्षी पोलिश संसदेने भाषाविषयक कायदा करून ग्राहकोपयोगी वस्तूंची माहिती पोलिशमध्ये देणे बंधनकारक केले. मात्र कायद्याने माहितीपत्रक पोलिश होते. नाटक पोलिश होण्यासाठी नट आणि अनुवादकच लागतात.

या अनुभवातूनच कंपनी स्वतःचा खेळ रचण्याकडे वळली. आन्जेय सापकोव्स्की यांची पहिली 'व्येजमिन' कथा १९८६ मध्ये 'फान्तास्तिका' मासिकात आली होती. पोलिशमधील चेटकिणीच्या नावाला पुल्लिंगी रूप देऊन त्यांनी हा शब्द घडवला होता. त्या कथाविश्वावर आधारित 'द विचर' हा खेळ २००७ मध्ये आला, आणि आता अडचण इंग्रजीची झाली. 'यास्क्येर' या शाहिराचे नाव एका पिवळ्या रानफुलाचे. इंग्रजीत तो 'डँडेलियन', म्हणजे भलतेच फूल झाला. संवादही इतके छाटले गेले की खेळाडूंनी तक्रारी केल्या. अखेर २००८ च्या सुधारित आवृत्तीसाठी कंपनीला इंग्रजी संवाद नव्याने लिहून पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागले.