सासवडला राहून पुण्यात नोकरी: परवडतं का?

पुण्याहून साधारण 30 किलोमीटरवर, दिवे घाट चढून गेलं की सासवड लागतं. पुरंदर तालुक्याचं हे मुख्यालय. इथं घरभाडं पुण्यापेक्षा कमी, मंडई चालत जाण्याइतकी जवळ, पुरंदरचे अंजीर आणि सीताफळ थेट शेतकऱ्याकडून. बारावीनंतर शिकायला वाघिरे महाविद्यालयही गावातच आहे.

खरी किंमत मोजावी लागते ती घाटात. हडपसरपर्यंत पीएमपीची बस मिळते, पण कोंडी झाली की भाड्यात वाचलेले पैसे वेळेच्या रूपात जातात. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी सासवडला मुक्कामी येते तेव्हा घाटातला रस्ता वाहनांसाठी बंद, मग सुट्टीच टाकलेली बरी! दुसरा प्रश्न पाण्याचा. तालुक्याचा बराच भाग कमी पावसाचा, त्यामुळे घर बघताना उन्हाळ्यात नळाला किती दिवसांनी पाणी येतं, हे शेजाऱ्यांना आधी विचारा.

शेजारी सगळं सांगतात. तुम्ही रात्री किती वाजता घरी आलात, तेही. एकट्या राहणाऱ्या मुलींना हे जाचतं; घरात म्हातारे आईवडील असतील तर त्याच नजरेचा आधार वाटतो.

जवळच्या सात गावांत विमानतळ प्रस्तावित आहे. त्या गावांतल्या अनेक शेतकऱ्यांनी भूसंपादनाला विरोध केला होता, पण जमिनीचे भाव आधीच चढलेत.