देवाला नव्हे, महाराजांना विचारलेला प्रश्न

आज तुम्हाला मुंबईतल्या एका जुन्या खटल्याची गोष्ट सांगणार आहे. ‘आमच्या भावना दुखावल्या’ हे वाक्य आपण हल्ली सारखं ऐकतो. पण धर्माच्या माणसाबद्दल कुठवर बोलायचं, हा वाद मुंबईच्या कोर्टात १८६२ सालीच गाजला होता. ‘महाराज लायबल केस’ म्हणतात त्याला. लायबल म्हणजे लिहून केलेली बदनामी.

करसनदास मुळजी हे मुंबईतले गुजराती पत्रकार, जन्म १८३२चा. समाज कपोळ वाणी, घराणं वैष्णव. शिकत असताना त्यांनी विधवाविवाहावर निबंध लिहायला घेतला. हे कळताच त्यांना सांभाळणाऱ्या नात्यातल्या बाईंनी घराबाहेर काढलं. तरी लिहिणं थांबलं नाही. १८५५ मध्ये त्यांनी ‘सत्यप्रकाश’ हे साप्ताहिक काढलं. बायकांसाठी निघालेल्या ‘स्त्रीबोध’ या मासिकाचं कामही ते पाहत.

त्या वेळी मुंबईतले बरेच भाटिया आणि वाणी व्यापारी वल्लभाचार्यांच्या पुष्टिमार्गाचे अनुयायी होते. या पंथाच्या गुरूंना ‘महाराज’ म्हणत. भक्ताने तन, मन, धन देवाला अर्पण करायचं, अशी त्यांची शिकवण. करसनदासांचं म्हणणं असं की, काही महाराज देवाच्या नावाचं हे अर्पण स्वतःकडे वळवतात आणि भक्तांच्या लेकीसुनांचा गैरफायदा घेतात.

१८६० मध्ये जदुनाथजी महाराज सुरतेहून मुंबईत आले. कवी नर्मद यांच्याबरोबर त्यांचा भर सभेत वाद झाला. सुधारकांना उत्तर द्यायला महाराजांच्या बाजूने एक नियतकालिकही निघालं. हे मला बरं वाटतं. शब्दाला शब्दाने उत्तर द्यावं, त्यात कुणाचा धर्म बुडत नाही. पण २१ ऑक्टोबर १८६० च्या अंकात करसनदासांनी महाराजांच्या वागण्यावर सरळ बोट ठेवणारा लेख छापला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. महाराजांनी बदनामीबद्दल ५०,००० रुपये मागितले. त्या काळचे पन्नास हजार!

पुढे जे झालं ते नीट ऐका. भाटिया समाजाच्या पुढाऱ्यांनी बैठक घेऊन ठरवलं की, महाराजांविरुद्ध जो साक्ष देईल त्याला जातीबाहेर टाकायचं. करसनदास गप्प बसले नाहीत. साक्षीदारांना दाबण्याचा हा कट आहे, अशी तक्रार त्यांनी केली आणि नऊ जणांना दंड झाला, कुणाला १,००० रुपये, कुणाला ५००. जात पंचायतीचा धाक काय असतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आपल्या राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला तो २०१६ चा.

मुख्य खटला २५ जानेवारी १८६२ ला सुरू झाला. मुंबईचं हायकोर्ट तेव्हा नव्हतं, ते त्याच वर्षी पुढे आलं. सुनावणी झाली सुप्रीम कोर्ट ऑफ बॉम्बेत. कोर्टात बसायला जागा मिळत नसे इतकी गर्दी. साक्षीला शेठ आले, मिशनरी आले, डॉक्टर आले. भायखळ्याच्या ज्या वस्तुसंग्रहालयात आपण मुलांना घेऊन जातो, ते ज्यांच्या नावाचं आहे ते डॉ. भाऊ दाजी लाडही त्यांत होते. महाराजांपैकी काहींवर गुप्तरोगाचे उपचार केल्याचं डॉक्टरांनी शपथेवर सांगितलं. एवढं सगळं बोललं गेलं, पण ज्यांच्यावरून खटला चालला त्या बायकांचं म्हणणं त्यांच्या तोंडून आपल्यापर्यंत आलेलं नाही. हवेलीत जाताना त्यांना काय वाटत होतं? श्रद्धा होती, भीती होती, की सासरच्यांचा हुकूम? त्यांच्या अब्रूवर पुरुष भांडले आणि त्या घरात राहिल्या. करसनदासांचं मोठेपण मान्य करूनही हे मला सलतं.

२२ एप्रिल १८६२ ला निकाल लागला. लिहिलेलं खरं आहे, हा करसनदासांचा बचाव टिकला आणि त्यांना खर्चापोटी ११,५०० रुपये मिळाले. न्यायाधीश जोसेफ अर्नोल्ड यांचं म्हणणं थोडक्यात असं की, कोर्टासमोरचा प्रश्न धर्मशास्त्राचा नसून नीतीचा आहे, आणि नीतीला जे सोडून आहे ते धर्माचं नाव दिल्याने बरोबर ठरत नाही.

हे सगळं आठवायला कारण घडलं. आमच्या एका गटातल्या ताईंनी गावच्या सप्ताहाच्या वर्गणीचा हिशेब विचारला, तर त्यांना उत्तर मिळालं, “देवाच्या कामात हिशेब काढता? लोकांच्या भावना दुखावतील.” आपण गटात दहा रुपयांची नोंदसुद्धा पासबुकात करतो. त्या ताई दरवर्षी पंगतीच्या पोळ्या लाटतात, एकादशी चुकवत नाहीत. त्यांनी विठोबाला काहीच विचारलं नव्हतं. विचारलं होतं वर्गणी ठेवणाऱ्याला. करसनदासांनीही कृष्णाची निंदा केली नव्हती. पुष्टिमार्ग आजही असंख्य घरांत श्रद्धेने पाळला जातो, त्या खटल्याने तो मोडला नाही.

मग काहीही बोलावं का? तसंही नाही. १९२० च्या दशकात लाहोरमध्ये प्रेषित मुहंमदांच्या खासगी आयुष्यावर कुचेष्टेने लिहिलेली एक पुस्तिका निघाली. त्या वेळच्या कायद्यात हा गुन्हा बसत नाही म्हणून १९२७ मध्ये प्रकाशक सुटला. संताप उसळला, आणि त्याच वर्षी दंडसंहितेत २९५-अ हे कलम घातलं गेलं. १९२९ मध्ये त्या प्रकाशकाचा खून झाला. कुचेष्टा वाईटच, पण तिला सुरी हे उत्तर कसं होईल? नव्या कलमात शब्द आहेत ‘जाणूनबुजून’ आणि ‘दुष्ट हेतूने’. सुप्रीम कोर्टाने १९५७ मध्ये हे कलम कायम ठेवताना हेच धरलं की, चुकून किंवा निष्काळजीपणे लागलेला प्रत्येक शब्द गुन्हा होत नाही. वर्गणीचा हिशेब मागण्यात दुष्ट हेतू कुठला, ते मला कुणी सांगावं.

करसनदासांचं पुढे काय झालं? १८६३ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि समुद्र ओलांडला म्हणून जातीने त्यांना बाहेर टाकलं. कोर्टाने सोडलं, जातीने सोडलं नाही. १८७१ मध्ये, चाळिशीच्या आतच, ते गेले.

या खटल्यावरचा ‘महाराज’ हा चित्रपट जून २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर यायचा होता. काही वैष्णव भक्त गुजरात हायकोर्टात गेले आणि तो थांबला. न्यायाधीशांनी स्वतः चित्रपट पाहिला. पंथाचा अपमान त्यात दिसला नाही, म्हणून २१ जूनला स्थगिती उठली. गंमत बघा, भारतीय दंडसंहिता लागू झाली ती १ जानेवारी १८६२ ला, खटला उभा राहिला त्याच महिन्यात. आणि चित्रपट आला त्यानंतर दहाच दिवसांनी, १ जुलै २०२४ ला, ती जाऊन भारतीय न्याय संहिता आली. जुनं २९५-अ आता कलम २९९ आहे. ‘जाणूनबुजून’ आणि ‘दुष्ट हेतूने’ ही अट त्यातही आहे.