मालवाहतूक आणि राज्याची अर्थव्यवस्था : ट्रकचालक, क्लिनर व हमाल यांच्यासाठी योजना

देशातील सुमारे ७० टक्के मालवाहतूक रस्त्याने होते. महाराष्ट्राचे उदाहरण घ्या. लासलगावचा कांदा, चाकणची वाहने आणि भिवंडीच्या गोदामांतील माल मुख्यतः ट्रकने बाहेर जातो. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात उतरलेले कंटेनरही मोठ्या प्रमाणात ट्रेलरने पुढे जातात. एका ट्रकच्या फेरीवर चालक, क्लिनर, हमाल, मेकॅनिक, पंक्चरवाले आणि ढाबेवाले यांची रोजीरोटी अवलंबून असते. जानेवारी २०२४ मध्ये टँकर व ट्रकचालकांनी काम थांबवले, तेव्हा राज्यातील अनेक शहरांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या.

मात्र हा माल पोहोचवणारे बहुतेक कामगार असंघटित क्षेत्रात मोडतात. एक-दोन गाड्या असलेल्या मालकाकडे काम करताना पगारपत्रक किंवा भविष्य निर्वाह निधी सहसा नसतो. अपघात घरापासून दूर, दुसऱ्या राज्यात होऊ शकतो. अशा वेळी विमा काढलेला आहे हेच घरच्यांना माहीत नसेल, तर हक्काची रक्कम मिळत नाही. पुढील योजना केंद्र सरकारच्या असून सर्व राज्यांतील पात्र कामगारांसाठी आहेत.

१. ई-श्रम नोंदणी
वय १६ ते ५९ वर्षे. ईपीएफ किंवा ईएसआयसीचे सदस्य नसलेले आणि आयकर न भरणारे असंघटित कामगार नोंदणी करू शकतात. आधार, आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक आणि बँक खाते आवश्यक आहे. नोंदणी विनामूल्य असून १२ अंकी क्रमांक मिळतो. मदतीसाठी दूरध्वनी क्रमांक : १४४३४.

२. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना
वय १८ ते ७० वर्षे. वार्षिक हप्ता २० रुपये. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख रुपये आणि अंशतः कायमचे अपंगत्व आल्यास १ लाख रुपये मिळतात. विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे असते. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस खात्यात पुरेशी शिल्लक ठेवावी.

३. रस्ते अपघातात विनारोकड उपचार
२०२५ च्या योजनेनुसार जखमी व्यक्तीवर अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत, कमाल १.५ लाख रुपयांचे उपचार ठरवून दिलेल्या रुग्णालयांत विनारोकड होतात. अपघात झाल्यास ११२ क्रमांकावर कळवावे.

४. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनामुळे अपघात
धडक देणाऱ्या वाहनाचा शोध लागला नाही, तर मृत्यू झाल्यास २ लाख रुपये आणि गंभीर दुखापत झाल्यास ५०,००० रुपये भरपाई मिळते. रस्त्याच्या कडेला टायर बदलताना अशी धडक बसलेल्या चालकालाही ही योजना लागू होते. अर्ज जिथे अपघात झाला, त्या भागातील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे (उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार) करावा.

५. प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना
वय १८ ते ४० वर्षे आणि मासिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत. वयानुसार दरमहा ५५ ते २०० रुपये भरावे लागतात. तेवढीच रक्कम केंद्र सरकार भरते. वयाच्या ६० वर्षांनंतर दरमहा किमान ३,००० रुपये निवृत्तिवेतन मिळते.

६. एक देश, एक शिधापत्रिका
राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखालील शिधापत्रिकाधारकांना दुसऱ्या राज्यातील रास्त भाव दुकानातूनही धान्य घेता येते. चालकाने आपल्या वाट्याचे धान्य बाहेर घेतले, तरी उरलेले धान्य कुटुंबाला गावी मिळते.

हे लक्षात ठेवा
- फेरीवर निघण्यापूर्वी बँक पासबुक, विम्याची पावती आणि ई-श्रम क्रमांक घरच्यांना दाखवून ठेवा. बँकेत वारसाचे नाव नोंदवले आहे का, ते तपासा.
- अपघातानंतर पोलिसांकडील नोंदीची प्रत घ्या. मृत्यू झाल्यास शवविच्छेदन अहवाल आणि मृत्यूचा दाखला जपून ठेवा. दाव्यासाठी ही कागदपत्रे लागतात.
- काम करताना अपघात झाल्यास मालकाकडून कायद्याने मिळणारी भरपाई वेगळी असते. सुरक्षा विमा योजनेची रक्कम मिळाली म्हणून तो हक्क संपत नाही.