मुख्याध्यापकांचा सहविचार, आंतरजालीय

शाळा चालविताना पडणारे प्रश्न मुख्याध्यापकांनी भ्रमणध्वनीवरील समूह, दूरस्थ सभा अथवा शासकीय अध्ययनमंच यांच्या द्वारा एकमेकांपुढे मांडावे आणि त्या देवघेवीतून आपले व्यावसायिक ज्ञान वाढवावे, असा हा व्यवहार आहे. केंद्रशाळेत भरणारी शिक्षण परिषद व तालुक्याच्या ठिकाणची मुख्याध्यापक सहविचार सभा ही त्याची महाराष्ट्रातील पूर्वरूपे होत.

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीनुसार प्राथमिक शाळेचा पट १५० च्या वर गेल्याखेरीज स्वतंत्र मुख्याध्यापकाचे पद अनुज्ञेय नसल्यामुळे, खेड्यातील द्विशिक्षकी शाळेत ज्येष्ठ शिक्षकच आपले वर्ग सांभाळून प्रभारी मुख्याध्यापक होतो. आणि पोषण आहाराचा हिशेब, व्यवस्थापन समितीची बैठक व दाखल-खारिज रजिस्टर ही सारी जोखीम वाहणाऱ्या या माणसास सल्ला विचारावा असे बरोबरीचे कोणी त्या शाळेत नसते. या एकाकीपणातच आंतरजालीय सहविचाराची खरी निकड आहे.

केंद्र शासनाचा ‘दीक्षा’ हा मंच २०१७ मध्ये सुरू झाला. २०१९ चे ‘निष्ठा’ प्रशिक्षण, ज्यात शाळा नेतृत्वाचाही अंतर्भाव होता, २०२० मध्ये त्यावर आले. त्याच वर्षीच्या टाळेबंदीत राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला शिक्षकांच्या समूहांवरून घरोघर गेली. तथापि घटक वाचून प्रमाणपत्र उतरवून घेणे हे अध्ययन असले, तरी सहविचार नव्हे.

जालना औद्योगिक वसाहतीच्या परिसरात ही गरज विशेष जाणवते. लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांत उत्तर भारतातून आलेल्या मजुरांची मुले वर्षाच्या मध्यास, बहुधा दाखल्याविना, दारी येतात. उलट मंठा, परतूर, घनसावंगीकडील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुलांसह गाव सोडतात. दाखल्याअभावी प्रवेश अडवू नये, अशी कायद्याची ताकीद आहे. परंतु मूल कितवीत बसवावे आणि मराठी न येणाऱ्यास वाचन कोठून शिकवावे, याचे उत्तर परिपत्रकात मिळत नाही, ते असेच मूल शिकविलेल्या शेजारच्या मुख्याध्यापकाकडे मिळते. जाणाऱ्या मुलाची इयत्ता, त्याच्या शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक आणि शिक्षण हमी कार्डाचा तपशील पुढच्या शाळेस वेळेवर कळला, तर ते मूल पटावरून निसटत नाही. अर्थात बालकाचे नाव भरसमूहात न टाकता संबंधित मुख्याध्यापकासच कळविणे उचित.

या व्यवहारास मारक ठरते ती हुकुमांची गर्दी. ‘दुपारी दोनपर्यंत माहिती लिंकमध्ये भरावी’ अशा तातडीच्या निरोपांखाली, वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाविषयी कोणी कळकळीने विचारलेला प्रश्न दडपून जातो, आणि वरिष्ठ अधिकारी त्याच समूहात असल्याने आपली अडचण उघड करण्यास पुष्कळजण कचरतात. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी आदेशांचा समूह निराळा ठेवावा आणि प्रत्येक केंद्रात निदान एक समूह मुख्याध्यापकांच्याच स्वाधीन करावा.