कुणाची तारीख आधी?

पवनानगर हे नाव आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी कधी बसलं नाही. ते शेवटपर्यंत काळे कॉलनीच म्हणत. मावळातल्या काळे गावाला लागून धरणाच्या कामासाठी ही वस्ती उठली आणि काम संपल्यावरही राहिली. वरच्या अंगाला साहेबांची घरं, मधे ओव्हरसिअर नि कारकुनांच्या जोडखोल्या, आणि पार कडेला पत्र्याच्या चाळी. कोण कुठल्या पायरीवर आहे ते दारावरची पाटी न वाचताही कळे. आबा, म्हणजे माझे आजोबा, मधल्या रांगेत. हजेरी कारकून. रोजंदारीवरच्या माणसांची नावं मस्टरवर चढवायची, सकाळी पुकारा करायचा, आठवड्याला बेरीज मारायची.

पवनेचं धरण 1972 साली पुरं झालं. तेराशे मीटरहून लांब मातीची भिंत, साडेआठ टीएमसीच्या आसपास पाणी, आणि ते पाणी मुख्यत्वे खाली पिंपरी-चिंचवडला नि तिथल्या कारखान्यांना. आबांच्या गोष्टींत यातलं काहीच नसे. त्यांच्या गोष्टींत माणसं असत, आणि माणसांच्या तोंडी तारखा.

मुख्य गोष्ट दोन साहेबांची. एक ओव्हरसिअर म्हणून लागून, घासून घासून डेप्युटी इंजिनिअर झालेले. वय पन्नाशीकडे झुकलेलं, डोक्याला कायम उपरणं गुंडाळलेलं. दुसरे लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन थेट त्याच खुर्चीवर आलेले, तिशीही न गाठलेले. काम एकच, पगाराची श्रेणी एकच. पण पहिल्यांच्या नावापुढे ‘स्थानापन्न’ असा शब्द होता. थेट आलेल्याची परिविक्षा संपली की तो कन्फर्म. बढतीवाल्याला मात्र कन्फर्म होण्यासाठी वाट बघायची, आणि ती किती ते कुणी सांगत नसे. ज्येष्ठता धरायची ती कन्फर्म झाल्यापासून. म्हणजे दहा वर्षं डेप्युटीचं काम केलेला माणूस परवा आलेल्या पोराच्या खाली, आणि कार्यकारी अभियंत्याची जागा निघाली की आधी नंबर पोराचा.

हे सगळं साहेबांच्यात दबक्या आवाजात चाले. उघड व्हायचं ते बायकांच्या हळदीकुंकवात. आजी हे नक्कल करून सांगायची. दोन्ही साहेबीणबाई एकाच वेळी दारात आल्या, तर कुंकू आधी कुणाला? वयानं मोठी ती मोठी, हा आपला घरचा कायदा. पण धाकटीच्या नवऱ्याचं नाव यादीत वर. आजीनं एका संक्रांतीला दोन करंडे काढले नि सुनेला हाताशी घेऊन दोघींना एकदमच कुंकू लावलं. सर्वोच्च न्यायालयाला जे जमायला वर्षानुवर्षं लागली ते हिनं उंबऱ्यात उरकलं, असं आबा म्हणायचे.

न्यायालयाची गोष्ट मात्र खरी, आणि ती एका कॉलनीपुरती नव्हती. स्वातंत्र्यानंतर धरणं, कालवे, रस्ते एकदम निघाले. नियम सांगत होता की जागा शक्यतो तीन हिस्से थेट भरतीनं आणि एक हिस्सा बढतीनं भराव्यात. पण परीक्षेतून एवढे इंजिनिअर येणार कुठून? मग ओव्हरसिअर वर ओढले, खुर्च्यांवर बसवले, कामं करून घेतली, आणि कायम करायची वेळ आली की फाइल थांबली. मुंबई राज्याचा 1960 चा नियम आणि महाराष्ट्राचा 1970 चा नियम, दोन्हींचा रोख हाच: ज्येष्ठता कन्फर्म झाल्यापासून. त्याविरुद्धचा पटवर्धन खटला दिल्लीत निकाली निघाला 4 मे 1977 रोजी. निकाल लिहिला यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी, पुण्याच्याच लॉ कॉलेजात शिकलेल्या माणसानं. त्यांचं म्हणणं साध्या भाषेत असं: कन्फर्म होणं हे ना माणसाच्या कर्तबगारीवर अवलंबून, ना जागा रिकामी असण्यावर, सरकारी नोकरीतल्या अशा बेभरवशाच्या गोष्टीवर ज्येष्ठता टांगता येणार नाही. दोन्ही नियम समानतेच्या हक्काविरुद्ध ठरून रद्द झाले.

देश तेव्हा आणीबाणी उठल्याच्या आणि सरकार बदलल्याच्या गडबडीत होता. ओव्हरसिअर-डेप्युटींच्या तारखा कुणाच्या लक्षात? उपरणंवाले साहेब बदली होऊन केव्हाच लांब गेले होते. त्यांनी आबांना आंतर्देशीय पत्र टाकलं. त्यात निकालाविषयी दोन ओळी होत्या नि बाकी पत्रभर आंबेमोहोर तांदळाची चौकशी.

मला या गोष्टीत कायम धाकट्या साहेबांचीही बाजू दिसते, आणि आबांना ते आवडत नसे. त्या माणसानं काय चुकीचं केलं होतं? जाहिरात वाचली, परीक्षा दिली, नियमात लिहिलं होतं त्या जागेवर येऊन बसला. मग एके दिवशी त्याला सांगितलं की नियमच चुकीचा होता, आता पन्नास-शंभर माणसं तुझ्या वर. थेट भरतीवाल्यांची संघटना पुन्हा न्यायालयात गेली ती काही दुष्टपणानं नव्हे. सरकारी नोकरदाराकडे शेत नसतं, दुकान नसतं. यादीतला नंबर हीच त्याची मिळकत. त्या दुसऱ्या खटल्याचा निकाल 2 मे 1990 ला घटनापीठानं दिला. पटवर्धन निकाल कायम राहिला, आणि न्यायालयानं अकरा सूत्रं घालून दिली. पहिलंच सूत्र आज देशभरातल्या सेवाविषयक खटल्यांत पाठ म्हटल्यासारखं येतं: नेमणूक नियमानुसार झाली असेल तर ज्येष्ठता नेमणुकीच्या तारखेपासून, कायम झाल्यापासून नव्हे. पण तीच नेमणूक नियमाबाहेरची, वेळ मारून नेण्यापुरती असेल, तर ते दिवस मोजायचे नाहीत.

पत्र्याच्या चाळीतल्या माणसांचं अडायचं ते या शेवटच्या वाक्यावर. त्यांच्या तोंडी चंद्रचूड नसत, कालेलकर असत. ‘कालेलकर अवॉर्ड’ म्हणजे बांधकाम नि पाटबंधारे खात्यातल्या रोजंदारीवाल्यांसाठी झालेला समझोता: सलग पाच वर्षं भरली की माणूस सीआरटीवर, रूपांतरित अस्थायी आस्थापनेवर घ्यायचा. बढती वगैरे दूरची. आधी माणूस कागदावर तर येऊ दे. पण मावळातला पाऊस! जूनमध्ये तुंग-तिकोन्यावर ढग उतरले की मातीकाम बंद. मग ‘सलग’ म्हणजे काय? पानशेतचं धरण फुटून फार वर्षं झालेली नव्हती. पावसात अर्ध्या बांधलेल्या भिंतीवर रात्रपाळीला कंदील घेऊन फिरायला माणसं लागतच. ज्याचं नाव त्या मस्टरवर, त्याची साखळी तुटली नाही. ज्याला भातलावणीसाठी घरी जावं लागलं, त्याची तुटली.

त्यांतल्या कित्येकांची स्वतःची जमीनच भिंतीच्या वरच्या बाजूला पाण्यात जायची होती. तीच माणसं रोजावर ती भिंत बांधत होती. संपादनाच्या यादीत 1203 खातेदार, आणि त्यातल्या 863 जणांचं पुनर्वसन पन्नास वर्षं लोंबकळलं. नोकरदाराला 1 जानेवारीची ज्येष्ठता यादी निघते, हरकत घेता येते, 1991 पासून प्रशासकीय न्यायाधिकरणाचं, म्हणजे मॅटचं, दारही उघडं आहे. धरणग्रस्ताला मोर्चा.

वर्षानुवर्षं माणसं आबांकडे येत. ‘‘आबा, त्या साली पावसाळ्यात म्या व्हतो का नव्हतो, बघा की.’’ आबा स्मरणानं सांगत, मग दप्तरात शोधायला कचेरीत जात, आणि बहुतेकदा त्यांचं स्मरणच बरोबर निघे. किती जणांची पाच वर्षं त्यांच्या अक्षरानं भरली, त्याचा हिशेब त्यांनी ठेवला नव्हता.

त्यांची स्वतःचीही सुरुवात रोजावरची. सेवेची तारीख मागे नेण्यासाठी त्यांनी अर्ज केला आणि पुरावा म्हणून जोडला मस्टरचा उतारा. वरच्या एका कचेरीतून शेरा आला की अर्जदाराच्या स्वतःच्या हस्ताक्षरातली नोंद अर्जदाराला पुरावा म्हणून चालणार नाही. शेवटी साक्षीला आला एक मुकादम. त्याची हजेरी आबांनी वर्षानुवर्षं लिहिली होती, आणि त्याला लिहिता येत नव्हतं. त्याच्या अंगठ्यावर काम झालं. बदल्यात त्यानं आबांकडून कामशेतच्या हॉटेलात भजी नि डबल चहा वसूल केला, आणि उरलेलं आयुष्यभर जाता-येता म्हणायचा, ‘‘कारकून, मी तुला कन्फर्म केला.’’